ट्रक कॅम्परसाठी पिकअप निवडताना : आधी वजन, मग गाडी

पिकअप ट्रकच्या हौद्यात सरकवून बसवायची, स्वतःची चाके नसलेली, पलंग, शेगडी, फ्रीज आणि बहुतेक वेळा छोटे न्हाणीघरही असलेली खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. अमेरिका आणि कॅनडात राहणाऱ्या, राष्ट्रीय उद्यानांच्या सहलींना दरवर्षी निघणाऱ्या मराठी कुटुंबांना तिचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. मागे ट्रेलर ओढत नेण्याची कसरत नाही, मोटरहोमप्रमाणे दुसरे इंजिन सांभाळायचे नाही, आणि मुक्कामी पोहोचल्यावर चार कोपऱ्यांच्या जॅकवर कॅम्पर उभा करून ट्रक खालून मोकळा काढून घेता येतो. पण या सोयीची किंमत ट्रकला मोजावी लागते. ट्रेलरचे बहुतांश वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असते. कॅम्परचा मात्र प्रत्येक पाउंड ट्रकच्या पाठीवर, आणि त्यातही जवळजवळ संपूर्ण मागच्या अ‍ॅक्सलवर, म्हणजे मागच्या चाकांच्या आसावर असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बहुतेक जण ट्रक आधी घेतात, किंवा तो आधीपासूनच दारात असतो, आणि मग त्यात मावेल असा कॅम्पर शोधतात. मावणे आणि पेलणे या दोन गोष्टींची येथे गल्लत होते. माझा आग्रह असा आहे की कॅम्पर आधी कागदावर ठरवावा, त्याचे भरलेले वजन काढावे, आणि त्यानंतरच ट्रकच्या दुकानात पाऊल टाकावे. ट्रक आधीच घरात असेल, तर हाच हिशेब उलट दिशेने करावा आणि ट्रक जेवढे सांगेल तेवढ्याच वजनाचा कॅम्पर घ्यावा.

नावातला ‘टन’ आणि जाहिरातीतला आकडा

अमेरिकेत पिकअपची वर्गवारी अजूनही अर्धा टन, पाऊण टन आणि एक टन अशी बोलली जाते. फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा हे अर्ध्या टनाचे; एफ-२५० आणि २५०० क्रमांकाचे ट्रक पाऊण टनाचे; एफ-३५० आणि ३५०० हे एक टनाचे. कोणे एके काळी हा आकडा वाहून नेण्याच्या वजनाशी जुळत असे. आज तो केवळ वर्गाचे नाव म्हणून उरला आहे. आजचा अर्ध्या टनाचा ट्रक साधारणपणे १,४०० ते २,००० पाउंड पेलतो, म्हणजे नावापेक्षा जास्तच; आणि तरीही एक मध्यम कॅम्पर त्याला झेपत नाही.

दुसरी गल्लत जाहिरातींमुळे होते. जाहिरातीत ठळक अक्षरांत दिलेला १०,००० किंवा २०,००० पाउंडांचा आकडा ओढण्याच्या क्षमतेचा असतो. कॅम्परसाठी त्याचा काहीही उपयोग नाही. आपल्याला हवा आहे तो पेलोड, म्हणजे ट्रकच्या स्वतःच्या वजनाखेरीज त्यावर ठेवता येणारे माणसांसकट एकूण वजन. जाहिरातीत पेलोडचा आकडा दिलाच, तर तो सहसा त्या मालिकेतल्या सर्वांत हलक्या, साध्या केबिनच्या, दोन चाकांना चाल असलेल्या ट्रकचा असतो. आपण घेतो तो चार दारांचा, चारही चाकांना चाल असलेला, कातडी आसनांचा आणि काचेच्या छताचा ट्रक स्वतःच कित्येकशे पाउंडांनी जड असतो, आणि तेवढा पेलोड कमी होतो.

भरलेल्या कॅम्परचे वजन

विक्रेत्याच्या पत्रकावर दिलेले कॅम्परचे वजन हे बहुधा कोरडे वजन असते : टाक्या रिकाम्या, सामान नाही, जादा सोयी नाहीत. त्याच्यावर विसंबून ट्रक घेणे ही या छंदातली सर्वांत महागडी चूक आहे. ढोबळ कल्पना द्यायची तर कापडी भिंतींचे, छत वर उचलायचे हलके कॅम्पर १,००० ते २,००० पाउंडांच्या दरम्यान असतात. पक्क्या भिंतींचे, पण बाहेर सरकणारा भाग नसलेले १,८०० ते ३,०००. आणि बाजूने किंवा मागून भिंत बाहेर सरकून खोली मोठी होते असे कॅम्पर कोरडेच ३,००० ते ४,५०० पर्यंत जातात.

अमेरिकेच्या केंद्रीय नियमांनुसार हौद्यात बसणाऱ्या प्रत्येक कॅम्परवर निर्मात्याने कायमची पट्टी लावावी लागते, आणि तिच्यावर ठरावीक गॅलन पाणी, गॅस आणि मूळ उपकरणे धरून होणारे वजन लिहिलेले असते. पत्रकापेक्षा ही पट्टी अधिक विश्वासार्ह आहे. परंतु तिच्यातही वरून बसवलेला एसी, छत्री (बाहेर सावलीसाठी उघडायचे कापडी छत), जादा बॅटऱ्या आणि आपले सामान नसते.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. पती, पत्नी आणि दोन मुले असे कुटुंब आहे, आणि पसंत पडलेला कॅम्पर पक्क्या भिंतींचा, कोरडा २,६०० पाउंडांचा आहे. एसी, छत्री, सौर पट्ट्या आणि दुसरी बॅटरी मिळून ३०० पाउंड धरू. पाण्याचा एक अमेरिकन गॅलन ८.३४ पाउंड भरतो, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की २५० पाउंड झाले. स्वयंपाकाच्या आणि उबेच्या गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या नळकांड्यांसह ७५. कपडे, अंथरूण-पांघरूण, खुर्च्या, भांडीकुंडी, शिधा यांचे किमान ५००. हा शेवटचा आकडा ऐकून पुष्कळांना तो फुगवलेला वाटतो; पण आपल्या घरचा कुकर, लोखंडी तवा, दहा दिवसांचे तांदूळ-डाळी, डब्यांतला फराळ आणि मुलांच्या सायकली एकदा घरच्या काट्यावर ठेवून पाहाव्यात. आतापर्यंतची बेरीज ३,७२५ पाउंड झाली. चौघांचे मिळून ५०० आणि कॅम्पर बांधण्याच्या पोलादी सामग्रीचे व मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) आधाराचे १५० धरले, की ट्रकवर येणारा एकूण भार ४,३७५ पाउंड होतो, म्हणजे जवळजवळ दोन टन. त्यावर दहा टक्क्यांची मोकळीक ठेवली, तर आपल्याला सुमारे ४,८०० पाउंड पेलोडचा ट्रक हवा आहे.

पाण्याबाबत एक सूचना. टाकी रिकामीच ठेवून निघू आणि मुक्कामी भरू, हा विचार वरवर शहाणपणाचा दिसतो, परंतु ट्रक कॅम्परचे खरे सुख अशा जागी असते जिथे नळ नसतो. शिवाय वापरलेले पाणी नाहीसे होत नाही. ते सांडपाण्याच्या टाकीत जाते, आणि ती भरलेली असताना ताज्या पाण्याची टाकी पुन्हा भरली तर दोन्हींचे वजन एकाच वेळी अंगावर असते. म्हणून हिशेब भरलेल्या टाकीनेच करावा.

दाराच्या चौकटीवरची पट्टी

आता ट्रककडे वळू. चालकाचे दार उघडले की चौकटीवर एक-दोन पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. एकीवर जीव्हीडब्ल्यूआर, म्हणजे ट्रक आणि त्यावरील सर्व काही धरून अनुज्ञेय एकूण वजन, आणि पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलवरील वेगवेगळ्या मर्यादा, ज्यांना जीएडब्ल्यूआर म्हणतात, त्या छापलेल्या असतात. १०,००० पाउंड किंवा त्यापेक्षा कमी एकूण मर्यादेच्या ट्रकवर टायरांची आणखी एक पट्टी असते, आणि तिच्यावर माणसे व सामान मिळून किती पाउंडांपेक्षा जास्त नसावे हे स्पष्ट वाक्यात लिहिलेले असते. हा आकडा त्याच एका ट्रकसाठी, कारखान्यात बसवलेल्या सर्व सोयींसह काढलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्या, रंगानेही सारख्या ट्रकवर तो दोनशे पाउंडांनी वेगळा असू शकतो. चालक धरून सगळी माणसे या आकड्यात येतात. इंधन मात्र ट्रकच्या वजनातच धरलेले असते.

१०,००० पाउंडांहून अधिक मर्यादेच्या ट्रकवर ही दुसरी पट्टी असण्याची सक्ती नाही. तेथे सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे टाकी भरून रिकामा ट्रक वजनकाट्यावर नेणे आणि आलेले वजन जीव्हीडब्ल्यूआरमधून वजा करणे. विक्रेता चाचणीसाठी ट्रक देतोच. त्या अर्ध्या तासात काट्यावर जाऊन यावे, असे मी प्रत्येकाला सांगतो. विक्रेत्याने ‘हा आरामात उचलेल’ असे म्हटले, तरी पट्टी वाचल्याशिवाय सही करू नये. नोंदणीचे शुल्क किंवा व्यावसायिक नियम टाळण्यासाठी काही एक टनी ट्रक मुद्दाम १०,००० पाउंडांच्या मर्यादेने मागवलेले असतात. पाठीमागे ‘३५०’ लिहिलेले असूनही त्यांचा कागदोपत्री पेलोड पाऊण टनी ट्रकइतकाच उरतो.

आपल्या उदाहरणाला हा हिशेब लावू. पाऊण टनी, चार दारांचा, चारही चाकांना चाल असलेला डिझेल ट्रक स्वतःच ७,५०० पाउंडांच्या आसपास भरतो. त्याची मर्यादा १०,००० असेल तर हाती २,५०० उरतात. आपल्याला हवे आहेत ४,८००. मागे जोडचाके, म्हणजे प्रत्येक बाजूला दोन-दोन चाके असलेल्या, १४,००० पाउंड मर्यादेच्या एक टनी ट्रकचे स्वतःचे वजन ८,००० धरले, तरी ६,००० शिल्लक राहतात. मधला पर्याय म्हणजे मागे एकेरी चाकांचा, पेट्रोल इंजिनाचा एक टनी ट्रक. तो ४,००० च्या थोडा पुढे जातो, पण या कॅम्परला पुरत नाही. म्हणजे आपल्या कुटुंबापुढे दोनच रस्ते आहेत : जोडचाकांचा ट्रक, किंवा हजारेक पाउंडांनी हलका कॅम्पर. कुटुंब चौघांचे आणि सहली उन्हाळ्यापुरत्या असतील, तर मी दुसरा रस्ता धरीन, कारण वर्षातले उरलेले दहा महिने तोच ट्रक किराणा दुकानाच्या वाहनतळावरही उभा करायचा असतो.

मागचा अ‍ॅक्सल, टायर आणि गुरुत्वमध्य

एकूण वजन मर्यादेत बसले म्हणजे काम संपले, असे पुष्कळजण समजतात. प्रत्यक्षात कॅम्परच्या बाबतीत सर्वांत आधी हार मानतो तो मागचा अ‍ॅक्सल, आणि त्यातही त्याचे टायर. म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. कॅम्परच्या बाहेरच्या अंगावर निर्माते बहुधा बाणाची किंवा वर्तुळाची खूण करतात, आणि ट्रकच्या कागदपत्रांत हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून किती अंतरादरम्यान ही खूण यावी हे दिलेले असते. काही मॉडेलांच्या पुस्तिकेत हा ट्रक हौद्यातल्या कॅम्परसाठी नाही, असेही सरळ लिहिलेले आढळते. तसे असेल तर पुढचा हिशेब करण्याची गरजच नाही.

खूण चार इंच इकडे-तिकडे गेल्याने काय बिघडते, हे तरफेच्या साध्या नियमाने कळते. ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतले अंतर १६० इंच आहे आणि ३,७२५ पाउंडांच्या कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ४ इंच पुढे आहे, असे धरू. तेव्हा पुढच्या चाकांवर केवळ ९३ पाउंड जातात आणि उरलेले ३,६३२ मागे येतात. तोच कॅम्पर लांब हौद्यासाठी बांधलेला असून आखूड हौद्यात बसवल्यामुळे त्याचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या ८ इंच मागे गेला, तर मागच्या चाकांवर ३,९११ पाउंड येतात आणि पुढच्या चाकांवरचा १८६ पाउंडांचा भार उलट उचलला जातो. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू सैल लागते, ओल्या रस्त्यावर पकड कमी होते आणि ब्रेक लावताना ट्रक सरळ थांबत नाही.

आता त्यात टायर मिळवू. एकेरी चाकांच्या ट्रकवर नेहमी दिसणाऱ्या, भारश्रेणी ‘ई’ असलेल्या टायरवर भारांक १२५ छापलेला असेल, तर त्याचा अर्थ पूर्ण दाबाला एका टायरमागे १,६५० किलो, म्हणजे सुमारे ३,६३८ पाउंड. दोन टायर मिळून ७,२७६. रिकाम्या ट्रकच्या मागच्या अ‍ॅक्सलवर ३,१०० पाउंड आधीच असतात. त्यात कॅम्परचे ३,६३२, बांधणीची सामग्री आणि मागच्या आसनावरच्या मुलांचा वाटा धरला, की बेरीज ७,१०० च्या आसपास जाते. म्हणजे टायरांची जवळजवळ सगळी ताकद संपली. गुरुत्वमध्य त्या एका फुटाने मागे सरकला, तर हीच बेरीज ७,३०० च्या पुढे जाते आणि टायर त्यांच्या मर्यादेबाहेर पडतात. कॅम्पर तोच, सामान तेच, एकही पाउंड वाढलेला नाही. जुलै महिन्यात नेवाडाच्या तापलेल्या डांबरावर, ताशी ७० मैलांनी, अशा टायरवर आपली मुले बसलेली असावीत असे कोणालाही वाटणार नाही.

जोडचाकांच्या ट्रकचे खरे बळ येथे दिसते. त्याच्या मागच्या चार टायरांवर, जोडीतला भारांक ११७ असेल तर, प्रत्येकी २,८३३ पाउंडांप्रमाणे ११,३०० पाउंडांहून अधिक भार टाकता येतो. एक टायर फुटला तरी त्याचा जोडीदार ट्रकला बाजूला घेण्याइतका वेळ देतो, आणि रुंद पायामुळे वळणावर व आडव्या वाऱ्यात कॅम्परचे डोलणेही कमी होते. अर्ध्या टनी ट्रकांवर पुष्कळदा मोटारींसारखे, ‘पी’ अक्षराने सुरू होणारे टायर असतात. हलका कॅम्पर न्यायचा असला तरी ते बदलून ट्रकांसाठीचे ‘एलटी’ प्रकारचे घ्यावेत, आणि चाकाच्या धातूच्या रिंगवरची मर्यादाही तपासावी. जुन्या ट्रकच्या टायरवर ‘डीओटी’ या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे पाहावेत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. खाच भरपूर असली तरी म्हातारा टायर कॅम्परखाली ठेवू नये.

पाटे, हवेच्या पिशव्या आणि एक गैरसमज

कॅम्पर चढवल्यावर ट्रक मागे बसतो, म्हणून हवेच्या पिशव्या, रबरी आधार, जादा पाटे किंवा जाड स्थिरक दांडा बसवण्याची पद्धत आहे. या वस्तू उपयोगी आहेत. डोलणे कमी होते, दिवे आकाशाकडे न पाहता रस्त्याकडे पाहतात आणि चालकाचा थकवा कमी होतो. परंतु त्यांनी दाराच्या चौकटीवरचा आकडा एका पाउंडानेही वाढत नाही. पाटे मजबूत झाले तरी अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक, चॅसिस आणि टायर पूर्वीचेच राहतात. ट्रक सपाट उभा दिसतो म्हणून भार मर्यादेत आहे, असे मानणे ही डोळ्यांची फसवणूक आहे.

मूळ बांधणीतला फरक मात्र लक्षात घ्यावा. उदाहरणार्थ, २०१४ पासून रॅम २५०० च्या मागे कमानपाट्यांऐवजी गुंडाळी स्प्रिंग असतात आणि त्याचा प्रवास मऊ असतो. कॅम्परसाठी मात्र रॅम ३५०० चे कमानपाटे अधिक योग्य आहेत. फोर्डच्या मोठ्या ट्रकांत कारखान्यातूनच कॅम्परसाठीची जोडणी मागवता येते, आणि नवा ट्रक मागवत असाल तर ती अवश्य घ्यावी, कारण नंतर बाहेरून बसवण्यापेक्षा ती स्वस्तही पडते आणि तिची कागदोपत्री नोंदही राहते. आणखी एक बारकावा : एफ-४५० पिकअप नावाने मोठा असला, तरी त्याची एकूण मर्यादा १४,००० पाउंडच आहे. जोडचाकांच्या एफ-३५० लाही तेवढीच मर्यादा मिळते, आणि तो स्वतः हलका असल्यामुळे त्याचा पेलोड अधिक भरतो. एफ-४५० कमी जागेत वळतो, हा त्याचा खरा गुण.

हौदा किती लांब, केबिन किती मोठी

मोठ्या ट्रकांचा हौदा साधारण साडेसहा किंवा आठ फुटांचा असतो. अर्ध्या टनी ट्रकांत साडेपाच फुटांचाही मिळतो, पण त्यासाठी कॅम्परचे पर्याय फारच थोडे आहेत. आठ फुटी हौद्यात लांब हौद्याचा कॅम्पर व्यवस्थित बसतो, आणि मागे थोडी जागा सोडून काही आखूड हौद्याचे कॅम्परही बसवता येतात. उलट प्रकार मात्र वर सांगितलेल्या गुरुत्वमध्याच्या कारणाने टाळावा. कॅम्पर हाच मुख्य हेतू असेल तर माझी निवड निःसंशय आठ फुटी हौद्याची आहे. पण चार दारांची केबिन आणि आठ फुटी हौदा एकत्र आले की ट्रकची लांबी २२ फुटांच्या आसपास जाते.

ही लांबी-रुंदी केवळ वाहनतळापुरती महत्त्वाची नाही. माँटानातल्या ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या गोइंग-टू-द-सन रस्त्यावर, अ‍ॅव्हलांच ते रायझिंग सन या डोंगरी टप्प्यात, २१ फुटांहून लांब किंवा आरशांसकट ८ फुटांहून रुंद वाहनांना मनाई आहे. मोठ्या आरशांचा जोडचाकी ट्रक तेथे चालत नाही आणि उद्यानाच्या बसने किंवा दुसऱ्या गाडीने जावे लागते. युटामधल्या झायन उद्यानात १९३० साली पूर्ण झालेल्या बोगद्यात ७ फूट १० इंचांहून रुंद किंवा ११ फूट ४ इंचांहून उंच वाहनांना वेगळे नियम लागू होतात, आणि जोडचाकांचा ट्रक मागे जवळपास ८ फूट रुंद असतो. ज्यांच्या मनात हीच ठिकाणे आहेत त्यांनी एकेरी चाकांचा ट्रक आणि त्याला झेपेल असा हलका, बुटका कॅम्पर घेण्याचा गंभीरपणे विचार करावा.

केबिनबाबत फार लिहिण्याची गरज नाही. ट्रक चालू असताना मुलांनी मागे कॅम्परमध्ये बसणे काही राज्यांत कायद्याने चालत असले, तरी ते करू नये. पट्टे बांधलेली जागा केबिनमध्येच आहे. त्यामुळे कुटुंबासाठी चार दारांची केबिन हवीच. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येत असतील, तर पायरीची उंची त्यांच्या गुडघ्यांना झेपते का, हे घेण्यापूर्वी एकदा पाहावे.

इंजिन

डिझेल इंजिन काही शेकडो पाउंडांनी जड असते, आणि ते वजन पेलोडमधूनच जाते. मात्र टर्बोमुळे उंचीवर त्याची ताकद टिकते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्क्यांनी घटते, आणि कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांहून उंचावर आहे. उतरताना डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाच्या धुराची वाट अडवून वेग रोखणारी सोय, हे मोठेच सुख आहे. तरीही केवळ कॅम्पर न्यायचा असेल आणि मागे दुसरे काही ओढायचे नसेल, तर फोर्डचे ७.३ लिटर किंवा जीएमचे ६.६ लिटर पेट्रोल इंजिन पुरेसे आहे, असे माझे मत आहे. वाचलेले पैसे जोडचाकांवर किंवा चांगल्या टायरांवर खर्च करावेत.

बसतो का, हे मोजून पाहणे

नव्या ट्रकांच्या हौद्याच्या कडा पूर्वीपेक्षा उंच झाल्या आहेत आणि केबिनही. जुना कॅम्पर नव्या ट्रकवर चढवला तर त्याचे पंख हौद्याच्या कडांवर टेकतात किंवा पुढचा पलंगाचा भाग केबिनच्या छताला लागतो. तळाखाली लाकडाचा किंवा कडक फोमचा थर देऊन कॅम्पर उचलता येतो, पण तेवढी उंची आणि वजनही वाढते. म्हणून हौद्याच्या तळापासून कडेपर्यंत आणि तळापासून केबिनच्या माथ्यापर्यंत अशी दोन मापे घेऊन ती कॅम्परच्या मापांशी ताडावीत. जोडचाकांच्या ट्रकला पुढचे जॅक बाहेर वळणारे लागतात, नाहीतर मागच्या फुगीर मडगार्डांना ते अडतात. हौद्याचा मागचा फाळका काढून घरी ठेवावा. हौद्यात जाड रबरी चटई अंथरावी, म्हणजे कॅम्पर घसरत नाही. बांधणीचे हूक हौद्याच्या पत्र्याला न लावता शक्यतो चॅसिसला जोडलेले घ्यावेत, कारण अचानक ब्रेक लावल्यावर पत्रा फाटल्याचे प्रकार घडतात.

जुना ट्रक घेत असाल तर चॅसिसखाली आडवे होऊन गंज पाहावा, विशेषतः ट्रक हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या उत्तरेकडच्या राज्यांतला असेल तर. आधीच्या मालकाने बसवलेला पोलादी बंपर, विंच किंवा अवजारांची पेटी हे सगळे पेलोडमधून वजा होते. उंची वाढवलेला ट्रक कॅम्परसाठी घेऊच नये.

शेवटी, कॅम्पर चढवून, पाणी भरून, सामान आणि माणसांसह ट्रक काट्यावर न्यावा. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर असणाऱ्या कॅट स्केलवर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल वेगवेगळ्या फळ्यांवर उभा राहतो आणि दोन्ही वजने असलेली पावती मिळते. तिन्ही आकडे दाराच्या पट्टीशी ताडावेत : पुढचा, मागचा आणि एकूण. मागचा आकडा मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर आधी कॅम्परच्या मागच्या कपाटातले सामान पुढे आणावे आणि नको ते उतरवावे. तरीही भागले नाही तर पाणी कमी करावे. निघाल्यावर पहिल्या ५० मैलांनंतर थांबून बांधणीचे ताण आणि टायरची हवा पुन्हा पाहावी. आणि कॅम्परच्या छतावरच्या एसीपर्यंतची एकूण उंची फूट-इंचांत मोजून, ती कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून, चालकाच्या डोळ्यांसमोरच्या उन्हाच्या पट्टीवर चिकटवावी. पेट्रोल पंपाच्या छताखाली शिरताना ती आठवत बसण्याइतका वेळ नसतो.